बैलाच्या पाठीवर टेकलेले आप्पा

माझा बाप लाजेपायी गेला.

आज वर्ष झालं. सकाळपासून नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरतेय. आईनं दोनदा विचारलं, "सुरे, काय हरवलं का गं?"
शेवटी फोन घेऊन बसले. लिहूनच टाकते.

आमचे आप्पा पिंपरी पेंढारचे, बेल्ह्याच्या बैलबाजारातले दलाल. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहायचं आणि टॉवेलाखाली बोटं धरून भाव ठरवायचा. आकडा फक्त बोटांना कळायचा. तोंडानं मात्र अख्खा बाजार दणाणून सोडायचे.

मग तो आवाजच खाली यायला लागला.
आधी खोकला. मग कफ. मग गोठ्यातून ओट्यावर आले तरी धाप.

"वय झालं आता," म्हणायचे.
वय कसलं डोंबलाचं! त्यांचे दलालीतले जोडीदार तुका नाना त्यांच्यापेक्षा मोठे, ते अजून टेम्पोत उडी मारून चढतात.

ओढत नारायणगावला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एका नळीत फुंकायला लावलं. आप्पांनी जीव खाऊन फुंकलं. बाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "सीओपीडी आहे. फुप्फुसातल्या वाटा सुजून अरुंद झाल्यात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. म्हणून दम लागतो."

"बरं व्हईल का?"
"गेलंय ते परत येणार नाही. राहिलंय ते सांभाळता येईल. बिडी बंद. औषध ओढायचा पंप रोज, बरं वाटलं तरी. एक पंप अचानक धाप लागली तर, तो कायम जवळ ठेवायचा. आणि थंडीच्या आधी लस."

आप्पांनी बिडी सोडली.
हे मुद्दाम लिहितेय. कारण दहाव्याला आलेली माणसं चहा पिता पिता म्हणत होती, "बिड्यांनी खाल्लं बघा आप्पाला." अरे, सोडली होती त्यांनी! तल्लफ आली की बडीशेप चघळत बसायचे, चिडचिड करायचे, आईशी भांडायचे, पण सोडली होती.

पंपाची मात्र गंमतच. रोजच्या पंपात कॅप्सूल घालून ओढायची असते. आप्पा सुरुवातीला ती पाण्याबरोबर गिळत होते.
"आप्पा, अहो काय करताय!"
"गोळी हाय तर गिळायचीच की. तुमी लोकं सांगत न्हाई नीट."
आई इतकी हसली, की तिलाच ठसका लागला.

मग शिकले. ओढायचं, श्वास धरायचा, चूळ भरायची. फरक पडला राव. देवळाच्या पायऱ्या एका दमात नाही, पण चढायला लागले. रात्री झोप लागायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

पण बाजाराच्या दिवशी धापेचा पंप घरीच.

"आप्पा, खिशात ठेवा तो."
"याड लागलं का तुला? बाजारात?"
"मग काय झालं?"
"धापणाऱ्या बैलाला कोण हात लावतंय का? मग धापणाऱ्या दलालाचा शबुद कोण धरील?"

मी भांडले. रडले. आईची शपथ घातली. हो हो म्हणायचे आणि जाताना पंप आरशामागं ठेवून जायचे.

एकदा त्यांच्या मागोमाग बाजारात गेले. आप्पा एका खोंडाच्या पाठीवर दोन्ही कोपरं टेकून, पुढं वाकून उभे होते. कितीतरी वेळ. लोक कौतुकानं बघत होते.
"आप्पा जनावर लई बारकाईनं बघतो," एक जण मला म्हणाला.

जनावर कुठलं बघताहेत! माझा बाप तिथं श्वास गोळा करत होता. पुढं वाकून टेकलं की दम हलका होतो, हे डॉक्टरीणबाईंनीच शिकवलेलं. मला बघितल्यावर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं. बोलू नको.
आणि मी बोलले नाही, कारण चार लोकांत त्यांचा पाणउतारा माझ्याच्यानं झाला नसता.

गेल्या थंडीत छातीत सर्दी भरली. कफाचा रंग बदलला होता. असं झालं की लगेच दवाखाना, हे घरात सगळ्यांना पाठ. तरी बाजारात गेले. "एक सौदा शब्दावर हाय, उद्या जाऊ दवाखान्यात."

त्या दिवशीही बैलाच्या पाठीवर टेकले. विकणारा निवांत उभा. त्याला वाटलं, बघताहेत. तुका नाना जवळ आले तेव्हा आप्पांचे ओठ निळे पडले होते.

पंप आरशामागं.

दवाखान्यात तोंडावर मशीनचा मास्क. बोलता येईना. मी शेजारी बसले तर त्यांनी माझा हात चादरीखाली ओढला आणि बोटं धरली. घट्ट. काहीतरी सांगताहेत, आणि ती भाषा मला येत नाही! पोरींना कोण शिकवतंय ती. "काय आप्पा? काय?" मी विचारत राहिले. दुसऱ्या दिवशी गेले.

वर्षभर ते मला खात होतं.

तुमच्या घरात कुणी खोकत असेल, चार पावलांवर थांबत असेल, तर त्या नळीत फुंकायला न्या. आणि पंप मिळाला तर चारचौघांत काढू द्या. कुणी वळून बघितलं तर बघू दे मेल्यांना.

आज वर्षश्राद्धाला तुका नाना आले. मी टॉवेल घेतला, त्याखाली त्यांचा हात धरला. आप्पांनी धरला होता अगदी तस्साच.
"नाना, हा आकडा कितीचा?"

नानांनी डोळे मिटले. बोटं चाचपली. पुन्हा चाचपली.

"यात आकडा न्हाई, पोरी. नुसता हात धरला व्हता त्यानं."

या आता, आप्पा.
तुमच्या सुरेचा नमस्कार, अजून थोडा रागातच.