बॅकस्पेस आणि आम्ही टायपिस्ट

टाइपरायटरवर बॅकस्पेस दाबला की गाडी एक घर मागे यायची, बस. लिहिलेलं अक्षर जागच्या जागी राहायचं. मथळ्याखाली रेघ हवी असेल तर आधी मथळा टाइप करायचा, मग बॅकस्पेस दाबत दाबत त्याच्या सुरुवातीला यायचं आणि खालून ठकाठक रेघ मारत जायचं. तमिळ मुलखातल्या नुंगंबाक्कमच्या आमच्या सरकारी कार्यालयात मी हे वर्षानुवर्षं केलं आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. त्यामुळे कंप्युटरवर पहिल्यांदा मथळा टाइप करून मी तसाच ऐटीत मागे मागे आलो आणि रेघ मारली, तेव्हा स्क्रीनवर फक्त रेघ होती. मथळा मीच खाऊन टाकला होता.

शेजारी माझी मुलगी बसली होती. ती म्हणाली, "छान, अप्पा. आता अंडरलाइन कशाखाली केलीय ते साहेबांना फोन करून सांगा."

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कार्यालयात कंप्युटर येऊन पडले होते आणि एक परिपत्रक निघालं होतं. टायपिस्ट म्हणून लागलेल्या सगळ्यांनी कंप्युटरची परीक्षा द्यायची. जे नापास होतील त्यांची बदली आंध्रातल्या एका लांबच्या कार्यालयात, कारण तिथे अजून टाइपरायटर होते. म्हणजे जुनी यंत्रं आणि जुनी माणसं एकाच गोदामात.

परिपत्रक निघालं त्याच वर्षी संक्रांतीनंतर आमची ही गेली. घरात उरलो मी, बारावीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई तंजावरच्या, तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या. लेकीच्या आजारपणात तिचं करायला म्हणून माम्बलमला आमच्याकडे आल्या आणि ती गेल्यावरही राहिल्या. माझी बदली झाली असती तर मुलगी हॉस्टेलला, सासूबाई कुंभकोणमला मुलाकडे आणि मी आंध्रात. तीन माणसं तीन गावांना. हे तिघांनाही ठाऊक होतं.

खरं तर मला काळजीने झोप यायला नको होती. पण मी चांगला झोपत होतो, जेवत होतो, वेळेवर गाडी पकडत होतो. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल जसा आपला वाटत नाही, चापट मारली तर नुसता आवाज येतो, तसं माझं सगळंच झालं होतं. लोक भेटायला यायचे, हळहळायचे, आणि मी त्यांना कॉफी विचारायचो.

मुलगी मात्र हट्टाला पेटली. कॉलनीच्या कोपऱ्यावर एक ब्राउझिंग सेंटर होतं. संध्याकाळी ती मला तिथे घेऊन जायची. दोन्ही बाजूंना पोरं बंदुकांचे खेळ खेळत असायची आणि मध्ये मी, तोंडाचा चंबू करून, ‘टू द डेप्युटी डायरेक्टर’. ओळ संपत आली की माझा डावा हात आपोआप वर जायचा, गाडी ढकलायचा दांडा शोधत. तिथे दांडा नव्हता, प्लायवूडची फळी होती. तिच्यावर धाडकन हात आपटला की पलीकडचा पोरगा डोकं वर काढून म्हणायचा, "एन्ना अंकल?" मी म्हणायचो, काही नाही बाबा, ओळ संपली.

माउसचं तर विचारूच नका. बाण अर्ध्या वाटेवर असताना टेबल संपायचं. मी माउस हातात धरून मुलीकडे बघायचो. "उचला आणि परत मध्ये ठेवा ना, अप्पा! टेबलापुढे काय समुद्र आहे?" आणि मला मनातून ते सगळं थोडं हलक्या जातीचंच वाटायचं. चांगला टायपिस्ट हात उचलत नाही आणि डोळे समोरच्या मूळ कागदावरून काढत नाही. हे दोन नियम आमच्या मास्तरांनी साताऱ्याला पट्टीने शिकवले होते. इथे दर दोन मिनिटांनी हात उचलून उंदराला गोंजारायचं.

एक गोष्ट मुलीने घोटून घेतली. मजकूर निवडला की त्यावर पट्टा चढून तो काळा होतो. तो काळा असताना एखादी कळ जरी दाबली, तरी सगळा काळा मजकूर जातो आणि त्याच्या जागी ती कळ उमटते. "काळं दिसतंय तोवर कीबोर्डला हात नाही. आधी बाजूला क्लिक. आणि गेलंच, तर कंट्रोल-झेड, सगळं परत येतं. म्हणा." मी म्हणायचो. पाढे म्हणावेत तसं.

घरी आलो की सासूबाई विचारायच्या, "आज काय शिकलांत, माप्ळे?" माप्ळे म्हणजे तमिळमध्ये जावई. त्यांच्या मराठीत निम्मं तमिळ आणि उरलेलं माझ्या पणजीच्या काळातलं.

"कट आणि पेस्ट, अम्मा."

"म्हणजे काय करायचें?"

"इथलं उचलायचं आणि तिथे ठेवायचं."

"तें मी स्वयंपाकघरांत दिवसभर करतें. त्याला परीक्षा कशाला?" मग आत जाता जाता, पाठ करूनच, त्यांनी विचारलं, "नाही जमलें तर मी कुंभकोणमला कळवून ठेवूं का?"

मुलगी ताटावरून उठून गेली. मी म्हणालो, "अजून नको."

परीक्षेत एक पत्र टाइप करायचं होतं. मथळा मध्यभागी, खाली रेघ, दुसरा परिच्छेद उचलून शेवटी न्यायचा, ओळींत दुप्पट अंतर ठेवायचं आणि छापून द्यायचं. माझा हात छान चालला. मथळा खाल्ला नाही. परिच्छेद न सांडता हलवला. शेवटी अंतरासाठी सगळं पत्र निवडलं, अंतर दिलं, आणि लक्षात आलं, प्रती कुणाकुणाला जाणार ते सांगणाऱ्या तळाच्या तीन ओळी राहिल्यात. टाइपरायटरवर कागद जिथे सोडला तिथेच असतो. मी मास्तरांच्या नियमाप्रमाणे डोळे मूळ कागदावर ठेवले आणि त्या तीन ओळी एका दमात टाइप केल्या.

मान वर केली. स्क्रीनवर तीन ओळी होत्या. बाकी पांढरं.

घाबरायला हवं होतं. घाबरलो नाही. मी नुसता बघत बसलो. मग माझा उजवा हात हळूच उठला आणि मॉनिटरच्या कडेला काहीतरी चाचपू लागला. कागद काढायचं चाक शोधत होता तो. शेजारच्या यंत्रावर निवृत्तीला आलेल्या आमच्या सेक्शनच्या बाई होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि दातांतल्या दातांत कुजबुजल्या, "सार, अंडू पण्णुंगो! अंडू!"

अंडू पण्णुंगो म्हणजे अनडू करा. तेच, कंट्रोल-झेड. मला ते येत होतं. रोज म्हणत होतो. पण बाईंचा आवाज रस्त्यापलीकडून यावा तसा आला आणि गेला. हाताला एवढंच कळलं की कागद बिघडला. आणि कागद बिघडला तर टायपिस्ट काय करतो? दुसरा लावतो. तक्रार नाही, सुस्कारा नाही. मी कोरं पान उघडलं आणि पत्र पहिल्यापासून टाइप करायला लागलो. बाईंनी कपाळावर हात मारलेला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसला. बोटं धावत होती, मी त्यांच्या मागे मागे होतो. मथळा, रेघ, परिच्छेद. या खेपेला तीन ओळी आधी आणि अंतर नंतर. अधिकारी "टाइम" म्हणाले तेव्हा प्रिंटरमधून माझा कागद अर्धा बाहेर आला होता.

पुढच्या आठवड्यात निकाल फळ्यावर लागला. काठावर का होईना, मी पास होतो. सेक्शनच्या त्या बाई म्हणाल्या, "अंडू न करता पास झालेला ह्या ऑफिसातला एकटा माणूस." मी हसलो. हसायची ती जागा होती हे मला कळलं होतं.

घरी आलो तर दोघी पुढच्या खोलीतच होत्या. सासूबाईंनी विचारलं, "काय झालें?"

"पास. कुठे जायचं नाही."

आई हॉस्पिटलात होती तेव्हापासून मुलगी आमच्यासमोर एकदाही रडली नव्हती. ती खाली फरशीवर बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. मी डब्याची पिशवी हातात घेऊन उभा. पिशवी कुठे ठेवावी ते मला सुचत नव्हतं.

सासूबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "उभे काय राहिलांत, माप्ळे? तिच्याजवळ बसा."

मला अजूनही काही वाटत नव्हतं. पण मी बसलो.