ब्रशवाल्यांचा खोकला

ब्रशवाल्यांनी सिगारेट सोडली आणि त्यांना खोकला लागला. तीस वर्षं धूर ओढताना जो माणूस फारसा खोकला नाही, तो आता सकाळी उठल्यापासून असा सुरू व्हायचा की शेजारी खिडक्या लावून घेत. चांगलं वागायला गेलं की अंगाशी येतं, असं ब्रशवाल्यांचं मत झालं.

त्यांच्या कारखान्यात बाटल्या धुण्याचे ब्रश बनत. पिळलेल्या तारेत केस अडकवायचे आणि कडा कातरायच्या. केस दबलेला ब्रश सरळ भंगारात. एकदा आडवा पडलेला केस पुन्हा उभा राहत नाही, हे त्यांनी हाताखालच्या सगळ्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

शेवटी बायकोने त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टेबलावर श्वासनलिकेचा नमुना होता. ब्रशवाल्यांनी तो उलटून पाहिला.

"या कड्या मागून अर्धवट सोडल्यात," ते म्हणाले. कामातली कुचराई त्यांना खपत नसे.

"मागे अन्ननलिका असते. घास उतरताना तिला फुगायला जागा नको?"

"आणि आत?"

"बारीक केस. डोळ्यांना न दिसणारे. धूळ, कफ वर घशाकडे ढकलतात. धुराने ते लुळे पडले होते, आता कामाला लागलेत. म्हणून हा खोकला. छातीच्या फोटोत वाईट काही नाही."

"आडवा पडलेला केस उठत नसतो, बाई."

"तुमचे केस निर्जीव. हे जिवंत आहेत."

ब्रशवाल्यांना ते पटलं नाही. खोकलाही थांबला नाही.

एका सकाळी बायकोने चहाशेजारी सिगारेटचं नवंकोरं पाकीट ठेवलं. सिगारेटवरून लग्नापासून त्यांच्याशी भांडत आलेली हीच बाई.

"ओढा," ती म्हणाली. "तेव्हा निदान असे खोकत तरी नव्हता."

ब्रशवाल्यांचा जीव पाकिटासाठी नुसता तळमळत होता. त्यांनी ते उचललंही. पण नवरा मरेल या भीतीने ही हरली आणि आपण जिंकलो, हे त्यांना सहन होईना.

त्यांनी पाकीट तिच्या हातात परत दिलं.

"घाबरू नकोस. आत झाडलोट चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना."

बाईंच्या म्हणण्यावर त्यांचा अजूनही काडीचा विश्वास नव्हता. पण तिचा बसला. तिने पाकीट केराच्या डब्यात टाकलं, तेव्हा कुठे ते मनसोक्त खोकले.