भागाकार दिवाळीनंतर असतो

साहेब हसले तेव्हा खडू माझ्या हातातच होता.

पाचवीत होते मी. शाळा नुकती उघडलेली. पोरांना काय येतं ते तपासायला खालापूरहून तालुक्याचे साहेब आलेले. त्यांनी फळ्यावर छप्पन्न लिहिले, दोन्ही बाजूंना कंस काढले, डावीकडे चार लिहिला आणि मला उठवलं. असले कंस मी जन्मात पाहिले नव्हते. मोठ्यातून लहान जातं एवढं माहीत होतं. मी छप्पन्नातून चार काढले आणि खाली बावन्न लिहिले.

"भागाकार सांगितला होता, बाळ," साहेब म्हणाले आणि हसले. मग अख्खा वर्ग हसला.

बाईंनी माझ्याकडे न बघताच त्यांना सांगितलं, "कातकऱ्यांची आहे, साहेब. बेरीज-वजाबाकी जमते यांना. भागाकार काही डोक्यात शिरत नाही. दरवर्षीचंच आहे."

रागानं नाही म्हणाल्या. छप्पर गळतंय हे सांगावं, तसं सांगितलं. मेलं मला तेच लागलं. रागावल्या असत्या तर मीही मनातल्या मनात चार शिव्या घातल्या असत्या. पण तो सूर ऐकून वाटलं, खरंच आपल्यात काहीतरी कमी आहे. आमच्या वाडीत भागाकार कुणालाच येत नव्हता. थोरल्या भावाला नाही, चुलत बहिणींना नाही. मग बाई खोटं कुठं बोलत होत्या?

दिवाळी झाली की आमची वाडी वीटभट्टीवर जाते. ट्रक येतो. भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं त्यात चढतं, ते पावसाच्या तोंडावर परत येतं. त्या वर्षी ट्रक आला तेव्हा मी आईला म्हटलं, "मी येत नाय."

"धाकट्याला कोण धरंल गं मग? मी चिखल तुडवू का त्याला घेऊ?"

"मला भागाकार शिकायचाय."

भागाकार म्हणजे काय ते आईला ठाऊक नव्हतं. ट्रक सुटला तेव्हा तिनं तोंड फिरवून घेतलं होतं.

वाडीत राहिलो मी आणि पाय मोडलेली आत्या. बाकी घरांची दारं तारेनं बांधलेली. कुत्री तेवढी मागं राहिलेली, ती संध्याकाळी रस्त्याकडं बघत बसायची. आत्या दिवस मावळला की झोपायची. मग बोलायला कुणी नाही. कुणाचा तरी आवाज यावा म्हणून मी मोठ्यानं पाढे म्हणायची. फार रडले त्या दिवसांत. शाळेतही मागची बस्करपट्टी आमच्या पोरांची. तिच्यावर आता मी एकटी. पुढं सरक असं कुणी म्हटलं नाही.

आणि एका सकाळी बाईंनी फळ्यावर तेच कंस काढले. म्हणाल्या, "आजपासून भागाकार."

आजपासून?

मी पुस्तक पुढं-मागं चाळलं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, सगळं होऊन गेलेलं. भागाकार पुढं. चौथीची पोरं त्याच खोलीत बसायची. एकीचं पुस्तक ओढून घेतलं. त्यातही तेच. अंगाची नुसती आग झाली माझ्या.

बाई समजावत होत्या. तोच आकडा पुन्हा पुन्हा वजा करायचा, किती वेळा गेला ते मोजायचं. म्हणजे छप्पन्नातून चार काढले ती माझी सुरुवात बरोबरच होती. तिथून पुढं मला कुणी नेलंच नव्हतं.

मी उभी राहिले. "बाई, हा धडा दरसाल आमी गेल्यावरच घेता?"

"पुस्तकात तसं आहे गं."

"मग आमाला कधी शिकवलात?"

बाई फळ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "बस खाली."

मी बसले नाही. घंटा होईपर्यंत उभी राहिले आणि उभ्यानंच सगळं उतरवून घेतलं. त्यांनी पुन्हा बस म्हटलं नाही.

आता मी कर्जतकडच्या एका शाळेत शिकवते. पोरं तशीच, भट्टीवर जाणारी. शाळा उघडली की मी भागाकार घेते. आधी चिंचोके वाटायला लावते, मग वजाबाकी, मग कंस. शनिवारी एकेकाला जवळ बसवून बघते, कुठं अडतंय ते. शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. मुख्याध्यापक माझ्याशी कामापुरतंच बोलतात. डबा मी व्हरांड्यात एकटीच खाते.

परवा म्हणाले, "मॅडम, पुस्तकाचा क्रम असा मोडता येत नाही. वर कळवावं लागेल."

मी म्हटलं, "क्रम ज्यांनी लावला त्यांची पोरं दिवाळीनंतर घरी असतात, सर. माझी नसतात. खुशाल कळवा."

नोकरी गेली तर वाडीतल्या ओट्यावर शिकवीन. पण ट्रक यायच्या आत माझ्या पोरांना भागाकार यायलाच हवा. एकालाही नाही आला तर चूक माझी धरा. त्याच्या जातीची धराल तर गाठ माझ्याशी आहे.