पार्किंगमधून स्वयंपाकघरात उघडणारं दार

कुरुळीत आम्ही घर बांधलं तेव्हा पार्किंगला लागूनच स्वयंपाकघर होतं. मध्ये सलग विटांची भिंत. आईचे गुडघे तेव्हाच धरू लागले होते. बाजारातून आलं की स्कूटरवरून उतरून, घराला वळसा घालून पुढच्या दारापर्यंत जाणं तिला जड जायचं. वडील नुकतेच कंपनीतून निवृत्त झालेले. एक दिवस त्यांनी गवंडी बोलावला आणि त्या भिंतीत दार पाडून घेतलं. प्लायवूडचं, हलकं. चोरांच्या भीतीनं मी लोखंडी सुचवलं होतं. ते म्हणाले, लोखंडी दार तिच्यानं ओढवणार नाही. आई खूश होती. दुपारी ते दार उघडं टाकून शेंगा फोडत बसायची.

मग बॅटरीची स्कूटर घेतली. ती पार्किंगमध्येच चार्जिंगला लागायची.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी कंपनीत होतो, बायको कामावर, मुलगी शाळेत. वडील दळण आणायला गेले होते. आई स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत झोपली होती. चार्जिंगला लावलेल्या स्कूटरनं पेट घेतला. शेजारणीला धूर दिसला आणि तिनं मला फोन केला. मी पोचलो तेव्हा आग विझली होती आणि आईला दवाखान्यात नेलं होतं. तिच्या अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. धुरानंच गेली, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी घरी आलो, तर अग्निशमनचा एक जवान गल्लीतल्या माणसांना समजावत होता, "भिंत बघा, जशीच्या तशी आहे. धूर सगळा या दारातनं आत गेला."

वडील त्याच्या मागेच उभे होते. ते म्हणाले, "ते दार मीच पाडलंय."

जवानानं मान खाली घातली.

दिवसकार्याला लातूरकडचे नातेवाईक आले. दाराचा विषय सगळे टाळत होते. ते गेल्यावर मीच धीर करून म्हणालो, की तुम्ही तिच्या सोयीसाठीच केलं होतं.

"ते मला ठाऊक हाय," वडील म्हणाले. "तू सांगू नको."

पुढच्या आठवड्यात त्यांनी विटा मागवल्या. मी माल कालवून देत होतो, ते रचत होते. दाराची जागा बुजली. गिलावा करू या म्हटलं, तर नको म्हणाले.

मुलगी त्या घरात झोपेना, म्हणून आम्ही आकुर्डीला भाड्यानं राहायला आलो. वडील आले नाहीत. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, तेव्हा मी डबा घेऊन जातो. ते जेवतात, नातीच्या अभ्यासाचं विचारतात. आईबद्दल आम्ही बोलत नाही. भांडी घासून ठेवली, की ते मला निघायला सांगतात. चाकण रस्त्याला गर्दी होईल म्हणतात.