युनूसच्या स्टिकला पॉलिश

गेल्या रविवारी सकाळी नंदुरबारात पूल खेळायच्या एका स्टिकला पॉलिश करून आणायचं, एवढं एकच काम हातात होतं. म्हटलं दुपारपर्यंत उरकेल... ते अजून उरकलेलं नाही आणि आता उरकणारही नाही.

स्टिक माझी नाही, युनूसची. युनूस माझा शाळेपासूनचा मित्र, मिरचीच्या पथारीवर कामाला. पथारी म्हणजे गावाबाहेरची ती मैदानं, जिथे मिरची वाळत घालतात. बाहेरगावचे लोक थांबून फोटो काढतात, काय सुंदर लाल गालिचा वगैरे लिहितात. युनूस त्या गालिच्यात उभा राहून मिरची उलथवतो, पोती भरतो, गाडीवर चढवतो.

संध्याकाळी मात्र हाच माणूस पूल टेबलचा राजा असायचा. स्टिक त्याने सुरतहून आणली तीच मुळात जुनी, कुणीतरी वापरून टाकलेली. वर यानेही ती इतकी वापरली, की मागे हात धरायच्या जागेचं लॅकर पार उडालं आणि नुसतं उघडं लाकूड राहिलं. तिथे एक तांबूस डाग होता. आम्ही समजायचो घामाचा... "मुसळ घेऊन आला रे" म्हणून चिडवायचो, आणि मग त्या मुसळाकडूनच हरून त्याला चहा पाजायचो.

गेल्या सीझनपासून युनूस घरी बसून आहे. जिना चढला तरी धाप लागते. डॉक्टरांनी पंप दिलाय आणि धुळीत पाऊल टाकू नको असं स्पष्ट सांगितलंय. पण येत्या सोमवारी पथारी सुरू होतेय आणि आमच्या युनूससाहेबांनी जायचं ठरवलंय. त्याची बायको, आमची भाभी, रोज भांडते, हा रोज शांतपणे ऐकून घेतो आणि परत तेच म्हणतो.

शनिवारी त्याने स्टिक माझ्याकडे दिली. "हिले चकाचक करी लई ये, भो. आते माले बरं शे. परत खेळसूत."

आता पॉलिश करावं की नाही, यावर मी उगाच डोकं खाल्लं. ग्रुपवर विचारलं. एक म्हणाला, घासलीस की हाताची पकड गेली. दुसरा म्हणाला, जुनी फेक, नवी घेऊन दे. मला दोन्ही पटेना... खरं सांगायचं तर त्याच्या छातीचं मला काही करता येत नव्हतं, स्टिकचं करता येत होतं. म्हणून करायचं ठरवलं.

फर्निचर पॉलिश करणाऱ्या आप्पांकडे गेलो. स्टिक बघून ते म्हणाले, आधी जुनं सगळं घासून काढावं लागेल, मग दोन हात मारू. मी म्हटलं मारा. ते पॉलिश पेपर घेऊन बसले आणि पहिल्यांदा त्या तांबूस डागालाच लागले.

थोडंसं घासलं असेल नसेल... आप्पांना ठसका लागला. मग मला. डोळे चरचरायला लागले. आतून आप्पांची सून फोडणी दिली का कुणी म्हणून बघायला आली, तर तीही खोकत बाहेर.

आम्ही तिघं गल्लीत उभे. आप्पांनी बोटावरची भुकटी हुंगली आणि माझ्याकडे बघितलं.

"याम्हा मिरची शे ना भो! लाकूडम्हा!"

मला आधी हसू आलं. मग ते जागच्या जागी विरलं. कारण युनूस हात धुऊन खेळायचा. साबण लावून, चोळून चोळून, आम्ही वैतागेपर्यंत. एवढं धुऊनसुद्धा हाताला जी उरायची, ती वर्षानुवर्षं लाकडात मुरली होती. हाताला निदान साबण तरी होता. आत छातीत जे गेलं, ते कुणी धुतलं?

आप्पांना म्हटलं, राहू द्या. अर्धवट घासलेली स्टिक घेऊन थेट युनूसकडे गेलो आणि त्याला आणि भाभीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता तरी ऐकेल.

त्याने स्टिक नाकाला लावली आणि हसला. "ती हातनी मिरची शे भो, छातीनी थोडी शे..." आणि हसता हसता जो खोकला सुरू झाला तो थांबेचना. पंप घेतला, पाणी घेतलं, कॉटचा दांडा धरून बसला. मी पाठ चोळत राहिलो. इतका राग आला होता मला आणि कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

भाभीने त्याच्या मांडीवरची स्टिक उचलली. "पॉलिश नको करो भैया. ऐसेच रहने दो." त्याचा कामावरचा रुमाल ज्या खिळ्याला असतो, त्याच्या खाली तिने ती उभी करून ठेवली. रोज दिसावी म्हणून.

निघताना युनूस मला सोडायला दारापर्यंत आला. म्हणाला, "घरमा बसीसन काय करू? तूच सांग."

माझ्याकडे बसवलं असतं, पण माझं झेरॉक्सचं दुकान, त्यात मीच कसाबसा मावतो.

म्हणून ही पोस्ट लिहितोय. सोमवारच्या आत, नंदुरबारात किंवा जवळपास कुठेही, कुणाकडे बसून करायचं, धूळ नसलेलं काम असेल तर मला मेसेज करा. नवापूरला पोल्ट्रीत आहे म्हणून सांगू नका, तिथेही धूळच. काउंटर चालेल, गेट चालेल, फोन घ्यायचं काम चालेल. माणूस इमानदार आहे, वेळेवर येतो, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो.

फक्त बोलता बोलता मध्येच थांबतो... तेवढं थांबून घ्या.