केळुसकर सरांचा हर्निया

"मुक्ता, आज ओटीत तूच आहेस ना?"

केळुसकर सरांचा फोन. सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी ऑपरेशन थिएटरमध्ये दिवसाच्या पहिल्या पेशंटसाठी इंजेक्शनं भरत होते.

"हो सर. कोणाला पाठवताय?"

"मीच येतोय. माझा हर्निया अडकलाय. नितीनला सांगून ठेव."

आवाजात घाई नव्हती. पण मी हातातलं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं आणि पहिल्या पेशंटला थांबवलं.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेली फट. तिच्यातून आतड्याचा तुकडा बाहेर डोकावतो आणि जांघेत फुगा दिसतो. माणूस आडवा झाला की फुगा आत जातो, म्हणून लोक वर्षानुवर्षं दुर्लक्ष करतात. एखाद्या दिवशी तो आत जात नाही. मग त्या आतड्याचं रक्त अडतं. काही तासांत आतडं मरू शकतं.

मी भूलतज्ज्ञ. करी रोडच्या चाळीत वाढले, वडील गिरणीत होते. परळच्या मोठ्या म्युनिसिपल हॉस्पिटलमध्ये मी शिकले, तिथे केळुसकर सर सर्जरीच्या युनिटचे हेड. नितीन त्यांचा विद्यार्थी. आता आम्ही दोघंही परळलाच एका लहान हॉस्पिटलमध्ये काम करत होतो. सर रिटायर होऊन दादरला घरी, वय बहात्तर.

सर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. एक त्यांचा हात. दुसरी, त्यांचा फोन. शेवटचा पेशंट टेबलावरून उतरला की ते ओटीबाहेरच्या फोनवरून घरी पत्नीशी बोलायचे. "शालू, झालं. येतोय. मासे कुठले आणलेस?" केळुसकरांकडे आज बांगडा की मांदेली, हे सगळ्या स्टाफला माहीत असायचं. एकदा एक रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, हसला. सर म्हणाले, "पेशंटच्या घरचे बाहेर वाट बघतात ना? तशी माझ्याही घरची बघतात."

तर सर टॅक्सीने आले. शालिनीकाकूंच्या खांद्यावर हात, चेहरा राखेसारखा. कॅज्युअल्टीत त्यांना आडवं केलं, कपडे सैल केले, आणि पँटच्या आत हर्नियाचा पट्टा निघाला. चांगला वापरून मऊ झालेला.

काकू पट्ट्याकडे बघत राहिल्या. "हा कधीपासून?"

सर छताकडे बघत म्हणाले, "झाली दोनेक वर्षं."

"दोन वर्षं?"

"आधी तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मग मंजिरीचं बाळंतपण आलं. आता ईशा दहावीला, तिचं गणित मी घेतो. मध्ये जागा कुठे होती?"

मंजिरी त्यांची धाकटी मुलगी, ईशा मोठ्या मुलाची मुलगी. काकूंनी पट्ट्याची घडी घालून तो पर्समध्ये टाकला. पुढे पुरावा म्हणून कामाला येईल, असा चेहरा होता.

नितीनने तपासलं. फुगा कडक, हात लावू देत नव्हते. तो म्हणाला, "सर, जनरल देऊ. तुम्ही निवांत झोपा."

"स्पायनल," सर म्हणाले.

नितीनने माझ्याकडे बघितलं. जनरल म्हणजे पूर्ण भूल. स्पायनलमध्ये पाठीच्या कण्यात बारीक सुई देऊन खालचा भाग बधिर करतात, माणूस जागा राहतो. आतडं अडकलेलं असलं की पोट रिकामं नसतं, आणि पूर्ण भुलीत उलटी फुप्फुसात जाण्याची भीती असते. त्यामुळे सरांचंच बरोबर होतं. अडचण एकच. सर जागे राहणार होते, आणि जागे असले की ते शिकवायचे.

तसंच झालं. मधे हिरवा पडदा लावलेला. पडद्याच्या अलीकडून सरांनी विचारलं, "कट कुठे घेतोयस?"

"तुम्ही शिकवलंत तिथेच, सर."

"किंचित वर घे."

नितीनचा हात थांबला. पंधरा वर्षांचा अनुभव असलेला सर्जन, पण त्या क्षणी तो पुन्हा रेसिडेंट झाला होता. मी सरांच्या कानाशी वाकले.

"सर, ही ओटी आमची आहे. पेशंटने गप्प पडायचं असतं."

"मी पेशंट आहे होय?"

"हो."

"बरं," सर म्हणाले, आणि दोन मिनिटं खरंच गप्प राहिले.

नितीनने फट मोकळी केली. आतडं बाहेर दिसलं. वीतभर तुकडा, जांभळासारखा काळपट. अशा वेळी गरम सलाइनमध्ये भिजवलेल्या कपड्यात तो तुकडा गुंडाळतात, पेशंटला ऑक्सिजन देतात आणि दहा मिनिटं थांबतात. रंग परत आला तर आतडं जिवंत. नाही आला तर तेवढा भाग कापून दोन टोकं जोडायची. बहात्तराव्या वर्षी ते फार मोठं दुखणं, आणि त्यातून प्रत्येक जण घरी जातोच असं नाही.

"नितीन, रंग कसा आहे?" सरांनी विचारलं.

नितीनने सिस्टरकडे गरम सलाइन मागितलं. सरांना तेवढ्यावरून कळलं.

"पूर्ण दहा मिनिटं थांब," ते म्हणाले. "आणि माझ्याकडे बघून ठरवू नकोस. आतड्याकडे बघून ठरव."

मग मास्कमधून हळूच माझ्याशी बोलले. "शालूला सांगायला हवं होतं गं."

"का नाही सांगितलंत?"

"ओटीतली एक गोष्ट कधी घरी नेली नाही मी. कोण गेलं, कोण वाचलं, काही नाही. घरी फक्त पोरं आणि मासे. सवयच लागली."

त्यांनी माझी दोन बोटं धरली होती. हात गार होता. मॉनिटरवर त्यांची नाडी बरीच वाढली होती, आणि माझी मोजली असती तर फार वेगळी आली नसती.

सात मिनिटांनी नितीनने कपडा उचलून बघितला. एका कडेला रंग बदलल्यासारखा वाटला. त्याने परत गुंडाळलं. दहा मिनिटं झाली. कपडा काढला. वीतभर आतडं गुलाबी होतं, आणि आमच्यासमोर त्याच्यातून एक लहानशी लाट सरकत गेली. जिवंत आतडं असंच हलतं.

"सर," नितीन म्हणाला. "गुलाबी आहे. हलतंय."

"मग बघत काय बसलास? आत घाल."

सिस्टरसकट सगळी ओटी हसली. सरही हसले, तेव्हा पोट हलायला लागलं आणि नितीन आपल्या गुरूवर पहिल्यांदाच ओरडला. "सर, हसू नका."

स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा काकू दाराशीच उभ्या होत्या. इतका वेळ त्या रडल्या नव्हत्या. आता डोळे वाहायला लागले. घरी दोघं मालवणीत बोलायचे.

"रडतंस कित्याक गो? माका काय एक जावचा नाय," सर धीर देत म्हणाले.

"दोन वर्सां माझ्यापासून लपयल्यात," काकू म्हणाल्या. "आधी बरे व्हा. मगे बघतंय तुमका."

पोटाच्या अशा ऑपरेशननंतर आतडी सुरू झाल्याची पहिली खूण म्हणजे वारा सरणं. तोवर चहासुद्धा नाही. सरांनी उभ्या आयुष्यात हजारो पेशंटना राउंडवर विचारलं होतं, "काय, वारा सरला का?" आता नितीन पाच रेसिडेंट घेऊन तेच त्यांना विचारत होता. सर भिंतीकडे तोंड करून "नाही" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी काम झालं. काकूंनी ते मंजिरीला, मोठ्या मुलाला आणि कणकवलीच्या दिरांना फोन करून, वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कळवलं.

तिसऱ्या दिवशी मी गेले तर ईशा कॉटवर मांडी घालून बसली होती. सरांच्या पोटावर उशी, उशीवर वही. ते प्रमेय समजावत होते. ईशाला गणितात पुढे उत्तम मार्क मिळाले.

सर त्यानंतर दहा वर्षं जगले. गेल्या वर्षी घरीच, झोपेत गेले. दादरला शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं, तर मी हा हर्नियाच सांगितला. पहिल्या रांगेत काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.

सभा संपल्यावर सरांचे गिरगावातले एक जुने मित्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर, मलाही जांघेत गाठ येते. दीड वर्ष झालं."

"घरी सांगितलंय?"

"नाही."

त्यांच्या पत्नी दहा पावलांवर चपला घालत होत्या. मी म्हटलं, "आता सांगून या. मी इथेच उभी आहे."

पुढच्या आठवड्यात नितीनने त्यांचं ऑपरेशन केलं. पन्नास मिनिटं लागली. वेळेवर केलेला हर्निया एवढाच वेळ घेतो. जास्त वेळ लागतो तो घरी सांगायला.