बोटभर फट

माझ्या मामाला कारखान्यात सगळे ‘पुन्हा’ म्हणायचे. गाडीचं दार बसवून एकदा उघडलं, लावलं, की तो म्हणायचा, "पुन्हा." पन्नास वेळा झालं तरी "पुन्हा." मालकसुद्धा त्याच नावाने हाक मारायचे आणि तो ओ द्यायचा. राग मला यायचा, त्याला नाही.

कारखाना म्हणजे एक लांब शेड, नऊ माणसं आणि वर्षाला अकरा गाड्या. गाडी अशी की रस्त्यावर आली की बघणारे थांबतात, आणि थोड्या वेळाने गाडीही थांबते. हा आमचा आपसातला विनोद, गिऱ्हाइकासमोर करायचा नाही. प्रत्येक गाडीत काहीतरी जगात पहिल्यांदाच केलेलं असायचं, त्यामुळे ते बिघडायचंही पहिल्यांदाच. मामा दारं आणि कुलपं बसवायचा. मी सीटांचं चामडं शिवायचे. मला तिथे लावलं त्यानेच.

त्याची एक रीत होती. गाडी तयार झाली की बॅटरीची तार काढायची, डबा घेऊन आत बसायचं, दार लावून घ्यायचं आणि सावकाश जेवायचं. मग सीटच्या डाव्या कडेची दोरी ओढायची, आतून दार उघडायचं आणि कुणाच्या मदतीशिवाय बाहेर यायचं. त्याशिवाय तपासणीच्या कागदावर तो सही करत नसे. त्या दोरीसाठी मी शिवणीत बोटभर फट ठेवायचे.

मग नवा डिझायनर आला. माणूस वाईट नव्हता, उलट हुशार होता, हे मला म्हणावंच लागेल. त्याच्या दाराला आतून बाहेरून कुठेच मूठ नव्हती. बोट टेकवलं की दार आपोआप वर जायचं, आवाजसुद्धा नाही. आम्ही नऊच्या नऊ जण तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"वीज गेली तर?" मामाने विचारलं.

"दुसरी बॅटरी आहे ना, काका."

"ती कशावर भरते?"

"पहिलीवर."

"दोन आंधळ्यांनी एकमेकांचा हात धरला म्हणून वाट दिसते का रे?"

सगळे हसले, डिझायनरही हसला. मालकांनी मात्र दोरी रद्द केली. दाराची चाचणी आता कॉम्प्युटर करणार होता. आत बसून जेवणंही बंद झालं, कारण सीटा शिवल्या शिवल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायच्या असं ठरलं.

मामाने गुपचूप दोरी घातलीच. मला म्हणाला, "पोरी, फट तेवढी ठेव. कुणाला दिसणार नाही."

मी ठेवली होती. खरंच ठेवली होती. पण संध्याकाळी डिझायनर आला आणि माझ्या शिवणीवरून बोट फिरवत म्हणाला, "अख्ख्या गाडीतली सगळ्यात देखणी रेघ ही आहे." सहा वर्षांत माझ्या कामाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. मग त्याचं बोट फटीपाशी थांबलं. "इथे राहिलंय वाटतं?"

"हो, राहिलंय," मी म्हटलं आणि त्याच्यासमोरच शिवून टाकलं. दुहेरी धाग्याने.

दुसऱ्या दिवशी मामाने विचारलं, "फट ठेवलीस ना?"

"ठेवली."

सीट प्लॅस्टिकमध्ये होती. आयुष्यात त्या एकदाच तो "पुन्हा" म्हणाला नाही. त्याने सही केली.

गाडी एका निवृत्त डॉक्टरांनी घेतली. किल्ली देताना मामा त्यांच्या कानाशी लागला. काय सांगितलं ते मला ठाऊक होतं : काही झालं तर सीटच्या डाव्या कडेला बोट घाला, दोरी ओढा. मी तिथेच उभी होते. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता.

पाच महिन्यांनी गाडी ट्रकवरून परत आली. डॉक्टर तीन आठवडे परगावी होते. परत आल्यावर दुपारी गॅरेजमध्ये गाडीत बसले, दार आपोआप लागलं आणि दोन्ही बॅटऱ्या संपल्या. फोन बाहेर टांगलेल्या कोटात राहिला होता. वर पत्रा तापलेला. दीड तासाने त्यांची मुलगी आली आणि तिने हातोड्याने काच फोडली. डॉक्टर वाचले, पण उकाड्याने झटका येऊन उजवा हात आणि बोलणं गेलं.

फुटलेल्या काचेवर टाकलेला प्लॅस्टिकचा कागद आम्ही उचलला. सीटच्या डाव्या कडेला चामडं नखांनी ओरबाडलेलं होतं. बरोबर त्या जागी, वर नाही, खाली नाही. काही ठिकाणी रक्त वाळलं होतं. शिवण जशीच्या तशी होती.

मला काही वाटलं नाही. लाज वाटायला हवी, रडू यायला हवं, असं नुसतं डोक्यात येत होतं.

मामाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याच टेबलावरचं ब्लेड घेतलं, टाके उसवले, बोट घातलं. दार उघडलं.

"ही दोरी कुणी घातली?" मालक ओरडले.

"मी. फट ठेवायला सांगायचं विसरलो."

"तू विसरलास?"

"वय झालं."

सगळ्यांनी मान हलवली. तीस वर्षांत एक स्क्रू न विसरलेला माणूस विसरला, हे त्या शेडमध्ये सगळ्यांना पटलं. मीही मान हलवली. महिनाअखेरीस त्याने काम सोडलं. निरोपाच्या दिवशी मालक म्हणाले, "शेवटी पुन्हालाही चुकता येतं तर!" त्यावरही लोक हसले.

मी अजून तिथेच आहे. प्रत्येक सीटला फट ठेवते, आता कुणी नको म्हणत नाही. दर रविवारी मामाकडे जाते. मामी जेवायला वाढते, मी जेवते, चव कळत नाही. तो कधीतरी बोलेल, शिव्या देईल, म्हणून वाट बघते. दोन वर्षं झाली.

गेल्या रविवारी मामी आत गेली होती. तो ताटातच बघत म्हणाला, "दुहेरी धागा होता ना?"

"हो."

"वाटलंच. दीड तास ओरबाडूनही टाका हलला नाही," तो म्हणाला. "काम चांगलं केलं होतंस."